रात्री साडेदहाला झोपेतच पाजल्याने बाळ पुढे सलग झोपते का?

रातराणी
आमची मुलगी साडेनऊ आठवड्यांची आहे. जन्मतः तिचे वजन २.९ किलो होते, परवा ४.६ किलो भरले. ती पूर्णपणे अंगावर पिते आणि दिवसा तिची काही तक्रार नसते. संध्याकाळी आठच्या सुमारास ती झोपते, ती साडेअकराला उठते, नंतर दोनला आणि पुन्हा साडेचारला. माहेरी साताऱ्याला होते तोवर आई रात्री तिला घेऊन बसायची, म्हणून मला ते जाणवले नाही. पुण्याला परतून दोन आठवडे झाले आणि आता थकवा अंगात मुरल्यासारखा वाटतो. सगळे आवरून मला अंथरुणाला पाठ टेकायला साडेदहा वाजतात. डोळा लागतो न लागतो तोच साडेअकराची हाक येते.

मैत्रिणीने ‘ड्रीम फीड’ करून पाहायला सांगितले आहे. आपण झोपण्यापूर्वी बाळाला न उठवता, झोपेतच पाजायचे, म्हणजे बाळाची लांब झोप आणि आपली झोप एकाच वेळी येते, असे तिचे म्हणणे आहे. सासूबाईंना मात्र ते पटत नाही. झोपलेल्या लेकराला हलवू नये, त्यापेक्षा रात्री पातळ पेज दिली तर पोट भरलेले राहील, असे त्या सुचवतात. त्या मायेने सांगतात, म्हणून मला त्यांना नुसते ‘नाही’ म्हणायचे नाही. कारण सांगता आले पाहिजे. ज्यांनी हे केले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे. याने खरोखर फरक पडतो का, बाळाची झोप बिघडते का, आणि पुढे ही सवय सुटत नाही असे होते का?

घडीचा_पाळणा
आम्हाला फरक पडला. माझा मुलगा तेव्हा अकरा आठवड्यांचा होता. मी सव्वादहाला पाजत असे. मोठा दिवा लावायचा नाही, पलीकडच्या खोलीतला उजेड दाराच्या फटीतून येईल तेवढाच पुरे. त्याला दुपट्यासकट उचलायचे, बोलायचे नाही, डोळ्यांत पाहून हसायचेही नाही. खालच्या ओठाला स्तनाग्र हलकेच लावले की तो डोळे न उघडता तोंड उघडत असे आणि ओढू लागत असे. एका बाजूला ओढणे मंद झाले की दुसरीकडे घ्यायचे. शेवटी दहा मिनिटे खांद्यावर उभे धरायचे, ढेकर आली तर ठीक, नाही आली तरी पाठीवर निजवायचे. लंगोट बदलायचा असेल तर पाजण्याआधी बदला, कारण नंतर बदलला की बाळ टक्क जागे होते.

पहिले चार-पाच दिवस काहीच बदलले नाही. दुसऱ्या आठवड्यात साडेअकराचे उठणे बंद झाले आणि तो थेट तीनला उठू लागला. म्हणजे मला सलग सव्वाचार तास मिळाले.

माळरान
आमचा अनुभव नेमका उलटा आहे, आणि तोही इथे असावा म्हणून लिहिते. आम्ही नऊ रात्री मनापासून प्रयत्न केला. मुलगा झोपेत दोन-चार घोट घ्यायचा आणि पुन्हा गाढ झोपायचा, किंवा पूर्ण जागा होऊन साडेबारापर्यंत हातपाय नाचवत राहायचा. दोन्ही प्रकारांत पुढचे उठणे जिथल्या तिथेच राहिले, फक्त पाजण्याची एक वेळ वाढली. दहाव्या रात्री आम्ही ते सोडून दिले. तो पाच महिन्यांचा झाल्यावर आपोआपच एकदा उठू लागला. प्रत्येक बाळाला हे जमेलच असे धरून चालू नये. जमले नाही तर आईने स्वतःला दोष देऊ नये, हे मला आवर्जून सांगावेसे वाटते.

पिंपळपान
माळरान, तुम्ही घड्याळ पाहून उचलत होतात की बाळाकडे पाहून? गाढ झोपेत बाळाचा हात उचलून सोडला तर तो लुळा पडतो आणि अशा वेळी ते ओढत नाही. पापण्यांखाली डोळे हलत असतील, ओठ चोखल्यासारखे होत असतील, तेव्हा उचलले तर ते सहज पिते. माझ्या दोन्ही मुलींच्या वेळी पंधरा-वीस मिनिटे इकडेतिकडे केल्याने फार फरक पडला होता.

माळरान
घड्याळ पाहूनच उचलत होते. हे मला तेव्हा कोणी सांगितले नव्हते.

बालरुग्ण_कक्ष
मी बालरोगतज्ज्ञ आहे. समोर न पाहिलेल्या बाळाविषयी निदान करणे योग्य नाही, म्हणून सर्वसाधारण माहितीच लिहितो.

पहिल्या काही आठवड्यांत बाळाला चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पाजावे लागते. पोट लहान असते आणि आईचे दूध लवकर पचते, त्यामुळे रात्री उठणे ही त्या वयाची गरज आहे, ते वाईट वळण नव्हे. दिवस-रात्रीचे भान साधारण दोन ते चार महिन्यांच्या दरम्यान येऊ लागते. त्यानंतर बहुतेक बाळांची सर्वांत लांब झोप रात्रीच्या सुरुवातीला पडते. रातराणी यांच्या मुलीची साडेतीन तासांची झोप आठ ते साडेअकरा या वेळेत होते, आणि त्यातले अडीच तास आई जागीच असते. साडेदहाला पाजण्याचा हेतू एवढाच की तो लांब तुकडा पुढे सरकावा. एकूण झोप वाढेल अशी अपेक्षा ठेवली तर निराशा होईल.

या विषयावर एक जुना, लहान पण काळजीपूर्वक केलेला अभ्यास आहे. अमेरिकेत ‘पिडियाट्रिक्स’ या नियतकालिकात तो १९९३ साली प्रसिद्ध झाला. त्यात पहिलटकर आईवडिलांची २६ कुटुंबे होती आणि सर्व बाळे अंगावर पिणारी होती. निम्म्या कुटुंबांना रात्री दहा ते बाराच्या दरम्यान एकदा नेमाने पाजायला सांगितले होते. आठव्या आठवड्यापर्यंत त्या गटातील सर्व बाळे मध्यरात्र ते पहाटे पाच सलग झोपू लागली. दुसऱ्या गटात हे प्रमाण २३ टक्के होते. हा आकडा वाचून बरेच पालक हुरळून जातात, म्हणून त्यातल्या दोन गोष्टी सांगणे मला आवश्यक वाटते. पहिली अशी की त्या पालकांनी केवळ उशिरा पाजले नव्हते. दिवसा उजेड व गजबज, रात्री अंधार व शांतता हा फरक त्यांनी ठळक ठेवला होता, आणि मध्यरात्री बाळ चुळबुळले की लगेच न पाजता आधी दुपटे नीट करणे, लंगोट बदलणे, थोडे फिरवणे असे करून दोन पाजण्यांमधले अंतर हळूहळू वाढवले होते. त्यामुळे यश कशाचे किती, हे वेगळे करता येत नाही. दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. दोन्ही गटांतील बाळांनी चोवीस तासांत घेतलेले दूध सारखेच होते. रात्री कमी प्यायलेल्या बाळांनी पहाटे जास्त पिऊन ती तूट भरून काढली होती. बाळाची गरज कमी होत नाही, तिची वेळ बदलते.

अडीच किलोपेक्षा कमी वजनाचे किंवा वेळेआधी जन्मलेले बाळ, कावीळ असलेले किंवा वजन न वाढणारे बाळ असेल तर पाजण्यातले अंतर स्वतःहून वाढवू नये. त्यांना वेळेवर उठवून पाजावे लागते.

आजोळ_संगमेश्वर
मी अडुसष्ट वर्षांची आहे. तीन मुले आणि पाच नातवंडे या हातांनी वाढवली. आमच्या काळी ही वेळापत्रके नव्हती. मूल कुशीत असायचे, चुळबुळले की पदराखाली घ्यायचे, ते प्यायचे आणि आपण पुन्हा झोपायचो. किती वेळा प्यायले ते सकाळी आठवतही नसे. झोपलेल्या बाळाला उठवणे माझ्या मनाला अजूनही पटत नाही. चौथ्या महिन्यापासून आम्ही रात्री नाचणीचे सत्त्व बोंडल्याने पाजत होतो, आणि मुले छान झोपत होती. रातराणीच्या सासूबाई मला परक्या वाटत नाहीत, म्हणून त्यांची बाजू लिहिली.

बालरुग्ण_कक्ष
आजी, तुम्ही सांगितलेली पहिली गोष्ट मला फार मोलाची वाटते. आई आणि बाळ एका खोलीत, हाताच्या अंतरावर असले की बाळ पूर्ण रडून उठण्याआधीच आईला कळते आणि दोघांची झोप कमी मोडते. पहिले किमान सहा महिने बाळाने आईवडिलांच्याच खोलीत, पण स्वतःच्या सपाट व घट्ट अंथरुणावर, उशी आणि जाड पांघरुणाविना पाठीवर झोपावे, असे आज सांगितले जाते. थकलेल्या आईने बाळाला घेऊन सोफ्यावर किंवा आरामखुर्चीत पाजत बसू नये, कारण तिथे डोळा लागणे बाळासाठी सर्वांत धोक्याचे असते.

सत्त्वाबाबत मात्र मी नम्रपणे असहमत आहे. सहा महिन्यांपर्यंत आईचे दूध पुरेसे असते, उन्हाळ्यातही वरचे पाणी लागत नाही. घन आहाराने झोप किती वाढते याची मोजदादही झाली आहे. इंग्लंड आणि वेल्समधील १३०३ बाळांच्या एका चाचणीत तिसऱ्या महिन्यापासून आहार सुरू केलेली बाळे जास्त झोपली खरी, पण फरक सर्वांत जास्त होता तेव्हाही तो रात्रीमागे साधारण सतरा मिनिटांचा होता. तेवढ्यासाठी साडेनऊ आठवड्यांच्या मुलीला पेज देऊ नये. तिचे आतडे आणि गिळण्याची क्रिया त्यासाठी अजून तयार नाही. मध तर वर्षाच्या आत चाटवूसुद्धा नये.

बोंडल्याविषयी एक इशारा द्यायला हवा. जागे असलेले, मांडीवर टेकून धरलेले बाळ बोंडल्याने किंवा वाटी-चमच्याने नीट पिते. झोपलेल्या बाळाच्या तोंडात मात्र दूध कधीही ओतू नये, कारण ते श्वासनलिकेत जाऊ शकते. झोपेत पाजायचे असेल तर बाळाने स्वतः ओढले पाहिजे. ते ओढत नसेल तर त्या रात्री पाजणे सोडून द्यावे. बाटली तोंडाशी टेकवून ठेवून निघून जाऊ नये.

आजोळ_संगमेश्वर
डॉक्टर, ओतण्याचा मुद्दा मला पटला. आमच्या शेजारी एका बाळाला असाच ठसका लागून घरभर धावपळ झाली होती, ते मला आजही आठवते. सत्त्वाचेही तुम्ही आकड्यासह सांगितलेत, ते मी सुनेला वाचून दाखवीन.

दुसरी_पाळी
मी बाबा आहे आणि आमच्याकडे साडेदहाचे पाजणे माझ्याकडे होते. बायको सायंकाळी एकदा दूध काढून फ्रिजमध्ये ठेवायची आणि नऊला झोपायची. मी साडेदहाला ते दूध कोमट पाण्यात बाटली धरून गार घालवून पाजत असे. मुलगी पुढे दोनला उठायची. म्हणजे नऊ ते दोन, सलग पाच तास बायकोला कोणी उठवत नसे. मुलगी जास्त झोपली की नाही, हे मी सांगू शकत नाही. पण पंधरा दिवसांत घरातले वातावरण बदलले, बायकोच्या आवाजातला थकवा गेला, हे मी खात्रीने सांगतो. बापाने फक्त ‘काही लागले तर उठव’ म्हणून झोपी जाणे मला अपुरे वाटते. रात्रीचा एक ठरावीक तुकडा पूर्णपणे आपला मानला तरच आईला निर्धास्त झोप लागते.

सुरुवातीला एक अडचण आली. इतका वेळ न पाजल्याने तिची छाती दगडासारखी भरून दुखू लागली आणि एका बाजूला गाठ झाली. नंतर ती झोपण्याआधी थोडे दूध काढू लागली, तेव्हा त्रास थांबला.

बालरुग्ण_कक्ष
हे दर आईने लक्षात ठेवावे. दूध तयार करण्यास चालना देणारे प्रोलॅक्टिन रात्री जास्त असते, त्यामुळे पहिल्या दोन-तीन महिन्यांत रात्रीचे पाजणे एकदम बंद केले तर दूध कमी होऊ शकते. उशिराचे पाजणे ही भर आहे. त्याच्या बदल्यात भुकेल्या बाळाचे पुढचे पाजणे टाळायचे नसते.

पहाटेची_लोकल
मी डोंबिवलीहून फोर्टला जाते. सव्वीस आठवड्यांची रजा संपल्यावर मला पाचला उठावे लागते. सर्वांनी साडेदहा हाच आकडा धरला आहे, तो मला पटत नाही. मी पावणेदहाला झोपत असे, म्हणून साडेनऊला पाजत होते. बाळ पावणेदोनला आणि नंतर पाचला उठायचे, आणि पाचचे पाजणे माझ्या निघण्याआधी नेमके बसायचे. वेळ आईच्या झोपेवरून ठरवावी. पुस्तकातली किंवा मैत्रिणीची वेळ आपल्या घरात बसेलच असे नाही.

दोन_झबली
माझे जुळे छत्तिसाव्या आठवड्यात झाले, एक २.१ आणि एक २.३ किलो. वर डॉक्टरांनी लिहिल्याप्रमाणे आम्हाला वजन वाढेपर्यंत दर तीन तासांनी गजर लावून पाजायला सांगितले होते, त्यामुळे सलग झोपेचा विचारही आम्ही केला नाही. दोघे पाच किलोच्या वर गेल्यावर विचारून साडेदहाची वेळ सुरू केली. एक पीत असेल तर दुसऱ्यालाही लगेच घ्यायचे, हा नियम केला. एकाला ते मानवले आणि दुसऱ्याला मुळीच नाही. आई तीच, खोली तीच, दूध तेच. त्यानंतर मी कोणालाही ‘तुझेच काही चुकत असेल’ असे म्हणत नाही.

उत्तरेकडची_खिडकी
मी स्वीडनमध्ये गोथेनबर्गला असते. इथे जूनमध्ये रात्री दहालाही बाहेर उजेड असतो, त्यामुळे डॉक्टरांनी लिहिलेला अंधाराचा मुद्दा मला फार जाणवला. जाड काळे पडदे लावेपर्यंत साडेदहाला उचललेला मुलगा हमखास जागा व्हायचा. पडदे लावल्यावर तिसऱ्या रात्रीपासून तो डोळे मिटूनच पिऊ लागला. दुसरी_पाळी यांनी लिहिलेली वाटणीही इथे सोपी जाते, कारण पालकत्वाची ४८० दिवसांची रजा दोघांत विभागलेली असते. आमच्याकडे बाबाने सातव्या महिन्यापासून रजा घेतली होती.

उंबरठा
माझा मुलगा आठ महिन्यांचा आहे. दोन वेळा भाताची खिमट, एकदा नाचणी असे व्यवस्थित खातो, तरी रात्री दोनदा उठतो. या वयात साडेदहाचे पाजणे सुरू करावे का? सगळे म्हणतात की पोट भरत नसेल.

बालरुग्ण_कक्ष
या वयात नव्याने सुरू करण्यात फारसा लाभ दिसत नाही. ब्रिटनमध्ये सहा ते बारा महिन्यांच्या बाळांच्या मातांची पाहणी झाली, तेव्हा ७८ टक्के बाळे रात्री किमान एकदा नियमितपणे उठत होती. दिवसा जास्त दूध किंवा आहार घेणारी बाळे रात्री कमी प्यायली, पण उठायची कमी झाली नाहीत. आठव्या महिन्यात रांगणे, आईपासून दूर होण्याची भीती आणि दात, या सगळ्यांमुळे उठणे होते. प्रत्येक उठण्याचे उत्तर दूध नसते. दात आले असतील तर बाटली तोंडात ठेवून झोपवू नका, आणि रात्री पाजल्यावर ओल्या स्वच्छ फडक्याने दात पुसा.

घडीचा_पाळणा
रातराणी यांचा सवयीचा प्रश्न मागे राहिला होता, म्हणून लिहिते. आम्ही सहाव्या महिन्यात ते बंद केले. दर तीन-चार दिवसांनी पाजण्याचा वेळ दोन मिनिटांनी कमी करत गेलो आणि शेवटी उचललेच नाही. त्या रात्री तो अर्धा तास लवकर उठला, दुसऱ्या रात्रीपासून पूर्ववत. आम्हाला ते सोडायला दोन आठवडे लागले, त्रास म्हणावा असा झाला नाही.

रातराणी
सर्वांचे मनापासून आभार. अकरा रात्री झाल्या आहेत, त्यांची वहीत नोंद ठेवली होती, ती इथे देते.

पहिल्या तीन रात्री मी बरोबर साडेदहाला उचलले. ती दोन-तीन मिनिटे प्यायली आणि पुन्हा झोपली, आणि पाऊणला उठली. चौथ्या रात्री ती ओढतच नव्हती, म्हणून तशीच ठेवली. पाचव्या रात्री पिंपळपान यांचे वाचून मी दहापासून तिच्याजवळ बसून राहिले. दहा पन्नासला तिचे ओठ हलू लागले, तेव्हा घेतले, आणि ती पहिल्यांदाच दोन्ही बाजूंना पोटभर प्यायली. त्या रात्री ती दोन वीसला उठली. सातव्या रात्री पावणेतीन. आठव्या दिवशी दहा आठवड्यांच्या लसी होत्या. संध्याकाळी अंग तापले, आमच्या डॉक्टरांना फोन केला आणि त्यांच्या सांगण्यानुसार औषध दिले. ती रात्रभर छातीवरच होती आणि मी वहीत काहीही लिहिले नाही. नववी रात्रही तशीच गेली. दहाव्या रात्री अडीच, काल पुन्हा पावणेतीन.

म्हणजे उठणे तीनवरून दोनवर आले आणि मला साडेतीन तास सलग मिळू लागले. ती एकूण किती झोपते हे मी मिळवून पाहिले, त्यात जवळपास काही फरक नाही, डॉक्टरांनी लिहिले होते तसेच. पहाटेचे पाजणे मात्र चांगलेच लांबले आहे.

सासूबाईंना मी आजींचे आणि डॉक्टरांचे लिखाण वाचून दाखवले. पेजेचा विषय त्यांनी स्वतःहून सोडला. त्यांना खरी काळजी होती ती माझ्या जागरणाची, हे त्या दिवशी मला कळले. आता पाजून झाले की मुलीला त्या खांद्यावर घेतात आणि मला लगेच झोपायला पाठवतात. त्यामुळे माझी आणखी पंधरा मिनिटे वाचतात. आता दहा चाळीस झाले आहेत आणि तिचे ओठ हलू लागले आहेत, म्हणून इथे थांबते.